सामानात बांधलेले पंचेंद्रिय जीव

(व्याख्यानाचा मजकूर)



जून २०२५ च्या प्रारंभी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर थायलंडहून आलेल्या एका भारतीय प्रवाशाचे सामान सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी उघडले. विमानाच्या पोटात इतर प्रवाशांच्या बॅगांबरोबर आलेल्या त्या सामानात ४४ इंडोनेशियन पिट व्हायपर, ३ स्पायडर-टेल्ड हॉर्न्ड व्हायपर आणि ५ कासवे निघाली. म्हणजे ४७ विषारी साप. आपल्या सह्याद्रीच्या रानात ‘चापडा’ नावाचा जो हिरवा साप आढळतो, त्याच्याच कुळातील हे पिट व्हायपर. दुसरी जात त्याहून विलक्षण आहे. या सापाच्या शेपटीचे टोक हुबेहूब कोळ्यासारखे दिसते. तो दगडांच्या सांदीत निश्चल पडून केवळ ते टोक हलवतो आणि कोळी समजून जवळ आलेला पक्षी टिपतो. पश्चिम इराणच्या डोंगराळ भागाबाहेर तो क्वचितच ज्ञात आहे. शास्त्रज्ञांनी त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली ती २००६ साली. शास्त्राला ज्याची ओळख होऊन पुरती वीस वर्षेही झाली नव्हती, तो जीव चोरट्या व्यापाऱ्यांच्या हाती लागून मुंबईपर्यंत पोहोचला होता.

वृत्तपत्रातील अशी बातमी वाचून बहुधा आश्चर्य वाटते, थोडे भय वाटते आणि पान उलटले जाते. परंतु ही एकटी-दुकटी घटना नव्हे. २७ जून २०२२ रोजी बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर चेन्नईला निघालेल्या दोन भारतीय महिलांच्या दोन सूटकेसमध्ये १०९ जिवंत प्राणी सापडले. दोन पांढरी साळिंदरे, दोन आर्माडिलो, ३५ कासवे, ५० सरडे आणि २० साप असा तो ऐवज होता. एप्रिल २०२३ मध्ये क्वालालंपूरहून चेन्नईला आलेल्या एका महिलेच्या सामानात २२ साप होते. ऑगस्ट २०२३ मध्ये बंगळूरच्या विमानतळावर बँकॉकहून आलेल्या ट्रॉली बॅगांतून २३४ वन्यजीव निघाले. त्यांत अजगर, सरडे, कासवे, मगरीची पिल्ले होती आणि प्लॅस्टिकच्या डब्यात गुदमरून मेलेले एक कांगारूचे पिल्लूही होते. एप्रिल २०२४ मध्ये त्याच विमानतळावर एका प्रवाशाच्या सामानात दहा पिवळे ॲनाकोंडा सापडले. वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ‘ट्रॅफिक’ या संस्थेने २०११ ते २०२० या दहा वर्षांतील जप्तीच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा भारतातील १८ विमानतळांवरून वाहून नेल्या जात असलेल्या देशी-विदेशी वन्यजीवांची व त्यांच्या अवशेषांची संख्या ७०,००० च्या वर भरली. हे केवळ पकडले गेलेले.

अशा सामानात प्राणी कसे ठेवलेले असतात, हे थोडे सविस्तर पाहणे अवश्य आहे, कारण ‘तस्करी’ या शब्दाने त्यातील खरे क्रौर्य झाकले जाते. साप लहान कापडी पिशवीत घालून तोंड घट्ट बांधतात व अशा पिशव्या खाऊच्या किंवा प्लॅस्टिकच्या डब्यात रचतात. कासवाचे पाय व मान कवचात दाबून वरून चिकटपट्टी गुंडाळतात, म्हणजे ते हलत नाही आणि आवाजही होत नाही. मार्च २०१९ मध्ये फिलिपाइन्समधील मनिला विमानतळावर बेवारस पडलेल्या चार सूटकेसमध्ये अशी पट्टी गुंडाळलेली १,५२९ कासवे व कूर्म सापडले. त्यांत आपल्या भारतातील तारांकित कासवेही होती. सस्तन प्राण्यांची पिल्ले हालचाल करतात, ओरडतात, म्हणून त्यांना गुंगीचे औषध देतात. ऑगस्ट २०१० मध्ये बँकॉकहून इराणला निघालेल्या एका महिलेच्या मोठ्या बॅगेत वाघाची खेळणी भरलेली होती. क्ष-किरण यंत्रात त्यांपैकी एका ‘खेळण्या’त हाडे दिसली. तो सुमारे दोन महिन्यांचा, गुंगी दिलेला खरा वाघाचा बछडा होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये चेन्नईत एका प्रवाशाच्या बॅगेतून क्षीण आवाज येत होता म्हणून ती उघडली, तर आत सुमारे महिनाभर वयाचे, १.१ किलो वजनाचे बिबट्याचे पिल्लू होते.

प्रवासाच्या आधीपासून प्राण्याचे अन्नपाणी बंद केले जाते, कारण मलमूत्राचा वास पकडून देतो. साप व कासवे आठवडेच्या आठवडे उपाशी राहू शकतात. निसर्गाने त्यांना दुष्काळ सोसण्यासाठी दिलेली ही शक्ती त्यांच्या मुळावर आली आहे. विमानातून येणाऱ्या चोरट्या मालात सरपटणाऱ्या जीवांचा भरणा एवढा मोठा का, याचे एक कारण हेच. दुसरे कारण बँकॉक-मुंबई हा प्रवास चार-पाच तासांचा आहे, हे होय. जहाजातून येताना जो जीव वाटेत मेला असता, तो विमानातून अर्धमेला का होईना पोहोचतो आणि अर्धमेला जीवही विकला जातो.

श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार येथे उपस्थित असलेल्या अनेकांना प्रतिक्रमणामुळे मुखोद्गत असतील. बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. शेती, गाडी आणि गोठा डोळ्यांपुढे ठेवून ज्या काळी हा विचार मांडला गेला, त्या काळी विमान नव्हते. तरीही त्या सूटकेसचे याहून नेमके वर्णन करणे कठीण आहे. बंध आणि अन्नपाननिरोध तर उघडच आहेत. वध वाटेतच घडतो. छविच्छेदाचे उदाहरण हवे असेल, तर आग्नेय आशियातील स्लो लोरिस या मोठ्या डोळ्यांच्या इवल्या प्राण्याचे द्यावे लागेल. त्याच्या दंशात विष असते, म्हणून बाजारात आणण्यापूर्वी विक्रेते त्याचे दात कापतात किंवा उपटतात, आणि मग तो ‘माणसाळलेला’ म्हणून विकतात. अतिभारारोपण तेवढे येथे लागू नाही, असे कोणी म्हणेल. परंतु दोन सूटकेसमध्ये १०९ जीव एकमेकांवर रचले जातात, तेव्हा प्रत्येकाच्या अंगावर दुसऱ्याचा भार असतोच.

आता या प्राण्यांपासून माणसाला होणाऱ्या धोक्याकडे वळू.

भारतात सर्पदंशावर जे प्रतिविष सर्वत्र वापरले जाते, ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवर चालते. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव घराघरांत ठाऊक झाले ते याच औषधामुळे. इंडोनेशियाच्या किंवा इराणच्या सापाने मुंबईत, पुण्यात वा सांगलीत कोणाला दंश केला, तर येथील रुग्णालयातील हे औषध त्याच्यासाठी बनलेले नाही. थायलंडमध्ये हिरव्या पिट व्हायपरवरील प्रतिविष तेथील रेडक्रॉस संस्था तयार करते. म्हणजे विष बॅगेत बसून मुंबईला आले आणि औषध बँकॉकमध्येच राहिले. आणि तो दंश प्रथम कोणाला होणार? विकत घेणाऱ्या शौकिनाला कदाचित कधीच होणार नाही. बॅगा चढवणारा-उतरवणारा हमाल, बॅग उघडणारा सीमाशुल्क कर्मचारी, नंतर डबे हाताळणारा सर्पमित्र आणि सर्वांत शेवटी घरातील लहान मूल, अशी ती रांग आहे.

२५ ऑगस्ट २०१० रोजी आफ्रिकेतील काँगो देशात बांदुंदू गावाजवळ एक लहान प्रवासी विमान उतरण्याच्या बेतात असताना कोसळले. विमानातील २१ जणांपैकी २० जण मृत्युमुखी पडले. आरंभी इंधन संपल्याचा तर्क केला गेला. वाचलेल्या एकमेव प्रवाशाने मात्र जे सांगितले ते असे : कोणी तरी विकण्यासाठी पिशवीत लपवून आणलेली मगर सुटली, परिचारिका घाबरून वैमानिकांच्या कक्षाकडे धावली, तिच्या मागोमाग सगळे प्रवासी पुढे धावले आणि एवढ्या लहान विमानाचा तोल गेला. मगर त्या अपघातातून वाचली होती, असेही वृत्त होते. तिला तेथेच कोयत्याने मारण्यात आले.

मगरीने त्या विमानात कोणाला इजा केल्याचे वृत्त नव्हते. ती केवळ पिशवीतून बाहेर आली.

भय निर्माण व्हायला प्राणी विषारी किंवा हिंस्र असावाच लागतो असेही नाही. एप्रिल २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात रीतसर परवान्याने पाठवलेली अजगराची चार छोटी पिल्ले विमानाच्या सामानकक्षात खोक्यातून निसटली. त्यांच्यात विष नव्हते. तरीही ती सापडेनात म्हणून विमान उड्डाणातून काढून घ्यावे लागले आणि आत धुरी द्यावी लागली. जेथे कागदपत्रे चोख होती, खोकी नियमानुसार होती, तेथे ही स्थिती. मग कापडी पिशवीला दोऱ्याने मारलेल्या गाठीवर दोनशे प्रवाशांचा विश्वास कसा टाकायचा?

आणि काही धोके तर डोळ्यांना दिसतही नाहीत. ऑक्टोबर २००४ मध्ये ब्रुसेल्सच्या विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या हातातील पिशवीत दोन गरुड सापडले. त्यांना कापडात गुंडाळून वेताच्या नळ्यांत कोंबलेले होते. पक्षी वरकरणी निरोगी दिसत होते. तपासणीत त्यांच्यात ‘एच-५ एन-१’ हा घातक बर्ड फ्लूचा विषाणू आढळला. ते गरुड मारले गेले आणि त्यांच्या निकट आलेले इतर पक्षीही खबरदारी म्हणून मारले गेले. ती पिशवी प्रवाशांच्या बैठकीच्या जागेतून, अनेकांच्या श्वासाच्या अंतरावरून आली होती.

यात प्राण्याला दोष देण्याची सवय माणसाने सोडली पाहिजे. वृत्तपत्रे ‘खतरनाक साप पकडले’ असे लिहितात. रानात पानाआड बसलेला पिट व्हायपर कोणाचा शत्रू नसतो. भगवान महावीरांच्या चरित्रातील चंडकौशिक नागाची कथा लहानपणी सर्वांनी ऐकलेली आहे. त्या भयंकर नागासमोर प्रभू उभे राहिले ते त्याच्या स्थानी जाऊन. त्यांनी त्याला धरले नाही, बांधले नाही, आपल्या सोबत नेले नाही. नागाला त्याच्या जागी राहू देण्यातच त्याचा उद्धार झाला, हा त्या कथेतील तपशील फारसा कोणी बोलून दाखवत नाही.

हा व्यापार कोणाच्या बळावर चालतो, हा खरा प्रश्न आहे. बॅग घेऊन येणारा मनुष्य बहुतेक वेळा केवळ वाहक असतो. मोफत विमान-तिकीट, चार दिवसांची सहल आणि थोडी रक्कम यांवर राजी झालेला बेकार तरुण किंवा कर्जात बुडालेला कुटुंबप्रमुख. खरा व्यापारी क्वचित हाती लागतो. बँकॉकच्या चतुचक बाजारासारख्या ठिकाणी नाना देशांचे प्राणी उघड मिळत आले आहेत. ११ जून २०२४ रोजी त्या बाजाराच्या पाळीव प्राण्यांच्या भागात आग लागली आणि पिंजऱ्यांत अडकलेले सुमारे १,००० जीव जळून व गुदमरून मेले. थायलंड ते भारत या हवाईमार्गावर सुमारे साडेतीन वर्षांत ७,००० हून अधिक जिवंत व मृत प्राणी पकडले गेल्याचे ‘ट्रॅफिक’ने जून २०२५ मध्ये नमूद केले. त्यांतील फार मोठा भाग पाळण्यासाठी आणलेल्या जिवंत प्राण्यांचा होता. कातडे, दात, औषध यांसाठी होणारी तस्करी जुनीच आहे. ही नवी तस्करी दिवाणखान्यासाठी आहे.

याला भारतातील कायद्याची एक फट बरीच कारणीभूत झाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने देशी प्राण्यांना संरक्षण दिले. पुढे १९९०-९१ च्या सुमारास भारतीय पक्ष्यांचा व्यापारही बंद झाला, आणि आपला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा ठरला. हे योग्यच झाले. पण बाजाराने लगेच विदेशी जातींकडे मोर्चा वळवला. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या ‘साइटीस’ करारात भारत १९७६ पासून सहभागी असला, तरी त्यातील विदेशी प्राण्यांना देशातील कायद्यात स्वतंत्र स्थान नव्हते. विमानतळावर पकडला गेला तर सीमाशुल्क कायद्याखाली कारवाई होई. परंतु दाराबाहेर पडला की ‘हा येथेच जन्मला’ एवढे सांगितले की झाले. ‘विदेशी आहे, कायद्यात बसतो,’ हे वाक्य दुकानदारांनी सुशिक्षित ग्राहकांना वर्षानुवर्षे ऐकवले. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, ही फट बुजवली. साइटीसमधील प्राण्यांची स्वतंत्र अनुसूची कायद्यात आली. त्यापाठोपाठ फेब्रुवारी २०२४ मध्ये अशा प्राण्यांची नोंदणी सक्तीची करणारे नियमही निघाले.

ग्राहक कोण? येथे थोडे अप्रिय बोलावे लागेल. इग्वाना, मकाव पोपट, आफ्रिकन ग्रे, अजगराचे पिल्लू हे विकत घेण्यासाठी हजारो-लाखो रुपये लागतात. ते रोजंदारीवरच्या कुटुंबाकडे नसतात. ते सुखवस्तू, सुशिक्षित, व्यापारी घरांतून येतात. दूरध्वनीच्या पडद्यावर कोणाच्या तरी खांद्यावर बसलेले माकडाचे पिल्लू दिसते, मूल हट्ट धरते आणि वडील ओळखीच्या ओळखीने चौकशी करतात. त्या घरात मांसाहार नसेल, सूर्यास्तानंतर भोजनही होत नसेल. तरी त्या चौकशीच्या दुसऱ्या टोकाला रानात एक जाळे लावले जाते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत थायलंडमार्गे आलेल्या प्रवाशाच्या बॅगेत जावा बेटावरील रुपेरी गिबन या दुर्मीळ वानराची दोन पिल्ले सापडली. त्यांतील एक मृत होते. गिबनची आई पिल्लाला पोटाशी घट्ट धरून उंच झाडांवर वावरते आणि जिवंत असेपर्यंत सोडत नाही. पिल्लू मिळवण्यासाठी बहुधा आधी तिला गोळी घालतात. तेव्हा बॅगेतील एका पिल्लामागे किती जीव गेले, याचा हिशेब बॅगेतील प्राणी मोजून लागत नाही.

कृत, कारित आणि अनुमोदित असे हिंसेचे तीन मार्ग शास्त्रकारांनी सांगितले आहेत. विकत घेणारा कारित हिंसेत येतो, आणि अशा प्राण्याचे चलच्चित्र कौतुकाने पाहून इतरांना पाठवणारा अनुमोदनाच्या फार जवळ जातो. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत ‘तदाहृतादान’ म्हणजे चोरून आणलेली वस्तू घेणे आणि ‘विरुद्धराज्यातिक्रम’ म्हणजे राज्याचे निर्बंध चुकवून व्यवहार करणे, हे दोन्ही येतात. परिग्रहपरिमाण व्रतात धनधान्याबरोबर द्विपद आणि चतुष्पद यांचीही मर्यादा घालायची असते, हेही आठवावे. तीन अणुव्रते एकाच खरेदीत भंग पावतात, असे दुसरे उदाहरण चटकन सांगता येणार नाही.

भगवान नेमिनाथांचा प्रसंग या संदर्भात मुद्दाम आठवण्यासारखा आहे. विवाहाच्या मिरवणुकीत वाटेवर कोंडलेल्या पशूंचा आक्रोश त्यांच्या कानी पडला. चौकशी करता कळले, की वऱ्हाडाच्या भोजनासाठी ते आणलेले आहेत. त्यांनी रथ मागे फिरवला. आपल्या मंदिरांतील चित्रांत पशूंची सुटका दाखवलेली असते, आणि ती हृद्य आहेच. पण त्या दिवशी नेमिनाथांनी जे केले ते त्याहून मोठे होते. ज्या निमित्ताने पशू कोंडले गेले, तो विवाहच त्यांनी सोडला. कोंडलेले पशू मोल देऊन विकत घेतले असते, तर दुसऱ्या लग्नाला दुसरे कळप आले असते.

हे येथे सांगण्याचे कारण आपल्या एका प्रिय प्रथेशी निगडित आहे. पर्युषणात, महावीर जयंतीला किंवा घरातील मंगलप्रसंगी बाजारातून पिंजऱ्यातले पक्षी विकत घेऊन आकाशात सोडण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. भावना निर्मळ असते, यात शंका नाही. परंतु पारधी आणि विक्रेते यांना ती तिथी आपल्याइतकीच ठाऊक असते. सोडण्यासाठी पक्षी हवेत म्हणून त्या आधीच्या आठवड्यात अधिक पक्षी धरले जातात. धरताना व कोंडताना मरतात ते हिशेबात येत नाहीत. पिंजऱ्यातील बजरीसारखे पक्षी तर मूळचे ऑस्ट्रेलियातील आणि पिढ्यान्‌पिढ्या बंदिवासात जन्मलेले. त्यांना मुंबईच्या आकाशात सोडले, तर दाणा कोठे शोधावा हे त्यांना समजत नाही, आणि कावळे त्यांना फार काळ जगू देत नाहीत.

पकडल्या गेलेल्या प्राण्यांचे पुढे काय होते, हा प्रश्न कोणी फारसा विचारत नाही. बातमी जप्तीपाशी संपते, जिवाचे हाल मात्र चालूच राहतात. विदेशी प्राण्याला येथील रानात सोडता येत नाही. अनेकदा तो ज्या देशातून आला तेथे पुढच्या विमानाने परत पाठवला जातो, म्हणजे तोच प्रवास त्याला दुसऱ्यांदा करावा लागतो, आणि परत गेलेला जीव रानात पोहोचतोच असे नाही, कारण तो मुळात रानातील की पैदास-केंद्रातील हेच अनेकदा ठरवता येत नाही. काही प्राणी प्राणिसंग्रहालयात किंवा बचाव-केंद्रात जन्मभर राहतात. बरेच पहिल्या काही दिवसांतच मरतात.

मग आपल्या पांजरपोळांनी त्यांना आश्रय द्यावा का? मुंबईची पांजरपोळ १८३४ पासून अनाथ जनावरे सांभाळत आली आहे. गाय, बैल, शेळी, कबूतर यांच्यासाठी उभी राहिलेली ही व्यवस्था जगात अजोड आहे. पण मांसाहारी जिवापुढे तिची अडचण होते. दिल्लीत श्री दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारातील पक्षी-रुग्णालयात घारीसारख्या मांसाहारी पक्ष्यांवर उपचार होतात, परंतु त्यांना इतर पक्ष्यांप्रमाणे दाखल करून घेतले जात नाही. या नियमावर बाहेरून टीका करणे सोपे आहे. त्यामागील संकोच मात्र खरा आहे. घारीला वाचवायचे तर तिला मांस द्यावे लागेल. जप्त केलेला पिट व्हायपर जगवायचा, तर त्याला उंदीर द्यावे लागतील, आणि दहा ॲनाकोंडा जगवायचे तर किती जीव लागतील याची कल्पनाच केलेली बरी. रानात साप उंदीर खातो, तो त्याचा स्वभाव. माणसाने पेटी आणावी, तीत साप ठेवावा आणि उंदीर विकत आणून घालावेत, हा माणसाने आपल्या हौसेसाठी मांडलेला आरंभ आहे. एकदा ती बॅग विमानात चढली, की त्यानंतर दयेला हिंसेशिवाय वाट उरत नाही. सापाला उपाशी मारावे तर हिंसा, जगवावे तरी हिंसा. साधुजनांनाही या पेचाचे निर्दोष उत्तर देता येणे कठीण आहे. म्हणूनच या बाबतीतील जीवदयेची जागा विमानतळावर नसून, ज्या घरातून मागणी निघते त्या घरात आहे. त्या उंदरांचा दोषही बचाव-केंद्रातील सेवकाच्या माथी मारण्यापेक्षा मूळ खरेदीदाराच्या खाती मांडणे न्यायाचे होईल.

‘दया आली म्हणून तळ्यात सोडून दिले,’ हाही मार्ग नव्हे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या एव्हरग्लेड्स या दलदलीच्या प्रदेशात हौशी लोकांनी सोडलेले व निसटलेले बर्मी अजगर वाढत गेले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेथे रॅकून दिसण्याचे प्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक घटल्याचे आढळले. आपल्याकडे लाल कानपट्टीचे ते नाण्याएवढे अमेरिकन कासव मत्स्यालयाच्या दुकानातून आणले जाते, ते पुढे थाळीएवढे होते, आणि मग एखाद्या सायंकाळी देवळाच्या तळ्यात सोडले जाते. देशी कासवांचा आसरा व अन्न ते बळकावते. कासवाला मुक्ती दिल्याचे समाधान घेऊन कुटुंब घरी परतते.

आपल्या समाजातील ज्या घरी असा विदेशी प्राणी आधीच आलेला असेल, त्यांनी तो लपवू नये आणि सोडूही नये. केंद्र शासनाच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर नोंदणीची व्यवस्था आहे. मुदत उलटून गेली असली तरी वनविभागाच्या कार्यालयात जाऊन खरे सांगणे हाच मार्ग आहे. जवळच्या पशुवैद्याचा सल्ला घ्यावा आणि त्या जिवाला मरेपर्यंत नीट सांभाळावे. त्याची पैदास करू नये. जोडीदार म्हणून दुसरा आणू नये. ट्रस्टच्या जीवदया निधीचा विनियोग ठरवताना पक्षी खरेदीची रक्कम बंद करून ती जखमी देशी पक्ष्यांच्या उपचारासाठी वळवता येईल. संक्रांतीच्या मांज्याने कापल्या गेलेल्या पक्ष्यांची संख्या पाहता तो पैसा कधी शिल्लक राहणार नाही.

शेवटी, प्रवासाला निघणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची सूचना. जैन भोजनाची सोय असलेल्या बँकॉक-पटायाच्या सहली आता आपल्या गावांतूनही निघतात. परतीच्या दिवशी विमानतळावर एखादा आपलाच भाषाबांधव जवळ येतो, सामानाचे वजन जास्त झाले आहे, एक बॅग तुमच्या नावावर घ्या, मुंबईला उतरल्यावर माणूस घेऊन जाईल, असे गोड बोलतो. कधी महाविद्यालयातील मुलांना फुकट सहलीचे आमिष दाखवून हेच काम दिले जाते. साधर्मिक बंधू असला, तरी त्या बॅगेला हात लावू नये. बॅग उघडून दाखवण्यास सांगावे. उघडत नसेल तर विमान कंपनीच्या खिडकीवर कळवावे. आत साप निघाला, तर बॅगेला बांधलेल्या चिठ्ठीवर ज्याचे नाव असते, त्यालाच प्रथम बोलावले जाते.